एक पाऊल मागे

फोटो काढताना लोक पुढे सरकतात, आमचे विसूकाका मागे सरकतात. आणि मागे गंगा असते.

काका घाटाजवळच्या दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा, "इकडे बघू नका, आपलं चालू द्या!" असं समोरच्याला दटावायचं आणि "एक पाऊल मागे" असं पुटपुटत संकठा घाटाच्या पायऱ्या उलट्या पावलांनी उतरायच्या, हा त्यांचा रोजचा छंद. उगवता सूर्य, देवळं, आरत्या यांच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. "त्यांचे फोटो काढायला सगळं जग येतं. आपल्या माणसांचे कोण काढणार?" म्हणून कोणी पतंगाला कन्नी बांधतंय, कोणी कबुतरांना दाणे टाकतंय, कोणी बुद्धिबळात हरून पट उधळतंय, असले फोटो. यादी दातांत धरून लोणच्याच्या बरण्या लावतानाचा माझा फोटो त्यांनी अख्ख्या गल्लीला दाखवलाय.

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळची यादी ठरलेली: दूध, मोटर, डबे, मग घाटावर फेरी. काकू वारल्यापासून त्या यादीत एक काम वाढलं: काका कोरडे आहेत ना, ते बघणे.

यंदा पूर ओसरला आणि पायऱ्यांवर गाळ राहिला. माझा जीव टांगणीला. काकांचं मात्र "एक पाऊल मागे" चालूच.

काठावर आपली होडी रंगवता रंगवता नावाडी लल्लन मल्लाह ओरडला, "अरे मास्टर साहब, पीछे गंगा मइया हैं!"

"तो रहने दो! हम कब बोले हटने को?"

"काका, झूम म्हणून एक सोय असते फोनमध्ये," मी म्हटलं.

"असते. तू वापर."

परवा ते चहाच्या वेळी घरी आले, चेहरा पडलेला. "फोन म्हणतो जागा नाही. बघ काही होतंय का."

हे माझ्या आवडीचं काम. मी चष्मा लावून बसले. सरळ फोटो ठेवायचे, बिघडलेले पुसायचे. पण जुने फोटो बघते तर सगळेच तिरके, तेही एकाच बाजूला. कबुतरं, पतंगवाला, बुद्धिबळाचा पट, सगळे जणू घसरत चाललेले. अलीकडचे मात्र फूटपट्टी लावून काढल्यासारखे.

"काका, हात सुधारला की तुमचा! हे तिरके टाकते काढून."

त्यांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. चहा सांडला.

"तिरके नको! पुसायचे तर सरळ आलेले पुस."

 ते सांडलेला चहा रुमालाने पुसत बसले.

"तुझी काकू मागे, बाजूला उभी असायची," ते म्हणाले. "मी पाऊल मागे घेतलं की सदऱ्याचं टोक धरून ओढायची. नेमकं बटण दाबताना. किती भांडलो असेन मी तिच्याशी!"

मग मलाही आठवलं. एका हातात फुलांची परडी, दुसऱ्या मुठीत काकांचा सदरा आणि तोंडाने, "अहो, पुरे! पाय भिजतील आता."

"काकूंचा एखादा फोटो आहे का यात?"

"ती समोर कधी आली? हे सगळे तिरके तिचेच की."

"मग आता कशाला मागे जाता हो? गाळ आहे, कोणी धरायला नाही..."

काकांनी फोनवर एक तिरका फोटो उघडला. "पाऊल मागे घेतलं की अजून वाटतं, ओढेल."

मी सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. तिरके आणि सरळ, दोन्ही. फोन मोकळा झाला.

दुसऱ्या सकाळी दूध तापवायचं तसंच ठेवून मी घाटावर पोहोचले. लल्लन नावेच्या टोकावर रंगाने डोळा काढत होता, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. काकांनी फोन वर धरला. "एक पाऊल मागे..." खाली ओला गाळ चमकत होता. मी पिशवी टाकली, बाजूला गेले, सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि ओढलं.

काका हेलपाटले. वळून माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. फोटोत लल्लन, नाव आणि सगळी गंगा एका बाजूला कलंडली होती.

"फार जोरात ओढतेस," ते म्हणाले. डोळे पुसून त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. "ती हलकेच ओढायची. जमेल तुला. उद्या वेळेवर ये."