कापडी टेप, पास

कॅमेऱ्याची शंभर फूट फिल्म एकदम आणायची आणि घरीच कापून, स्पूलच्या रिळाला चिकटवून, डबीत भरायची, एवढंच शरदचंद्रांनी ठरवलं होतं. चिकटवायला टेपचा इंचभर तुकडा लागतो. त्या एका इंचाने निर्मळ गावातल्या त्या घरातले चार महिने खाल्ले.

निमित्त सासूबाईंचं. पंच्याऐंशीच्या जयवंतीबाई कुणाला फोटो काढू देत नसत. "फोनातला फोटो फोनातच मरतो," असं त्यांचं म्हणणं. मात्र जावयाच्या जुन्या कॅमेऱ्यासमोर नऊवारी नेसून, सगळे दागिने घालून, एकदाच बसायला त्या कबूल झाल्या होत्या. सुमनला आईचा भिंतीवर लावायला तेवढा एक फोटो हवा होता. त्या कॅमेऱ्याकडून (आणि नवऱ्याकडून) तिची दुसरी काही अपेक्षा उरली नव्हती.

शेजारच्या बेसिलचा पूर्वी स्टुडिओ होता. शरदचंद्रांनी त्याला विचारलं, टेप कोणता?

"हाताला येईल तो," बेसिल म्हणाला.

वालीवच्या कारखान्यात बावीस वर्षं माल पास-नापास करणाऱ्या माणसाला हे उत्तर पटणं शक्य नव्हतं. रोलच्या शेवटी टेप सुटला तर फिल्म स्पूलवरून निघून येते, डबीत परत गुंडाळता येत नाही, सगळे फोटो हातचे जातात. त्यांनी नवी डायरी काढली. खरी चाचणी खऱ्या फिल्मवरच, हा त्यांचा नियम. म्हणून दर वेळी नवा हातभर तुकडा कापायचा, टेपने स्पूलला चिकटवायचा आणि खाली वाडीतली राजेळी केळी टांगायची.

सेलोटेप दोन केळ्यांत नापास झाला. वायरमनच्या काळ्या टेपचा गोंद पाझरला. दवाखान्यातला कागदी टेप बरा होता, पण दमट हवेत ढेपाळायचा, म्हणून त्याची एकवीस दिवस फेरतपासणी झाली.

"अहो, आज केळी खायला मिळतील का?" सुमनने विचारलं.

"तीननंतर. आत्ता एक काढलंस तर वजन बदलेल."

"मग तुम्हीच लटका. तुमचं वजन बदलत नाही."

शेवटी कारखान्यातल्या कापडी टेपने अख्खी फणी आणि वर एक नारळ पेलला. डायरीत 'पास' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या गेल्या. मग शरदचंद्र फिल्म भरायला कपड्यांच्या कपाटात शिरले. एरवी माप झालं की काळोखात कात्री लावावी लागते. या वेळी फिल्मचं टोक आपणहून हातात आलं. त्यांना ते फार सोयीचं वाटलं.

रविवारी जयवंतीबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या. शरदचंद्रांनी प्रकाशाचा अंदाज घ्यायला आधी तुळस, जास्वंद आणि तीनदा बेसिलचं मांजर टिपलं. मग सासूबाईंवर रोख धरला आणि फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला. तो हलेना.

"काय झालं?" सुमनने विचारलं.

"छत्तीस फोटोंचा रोल आहे, झालेत पाच. अडकलीय कुठेतरी." त्यांनी जोर लावला. "पण टेप बघ. सुटत नाहीये."

"आईला घाम फुटलाय."

"गोधडी आण. काळोख करून उघडावा लागेल."

खुर्चीच्या बाजूलाच ते गोधडीत शिरले.

"शरदरावांना बरं नाही का?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"बरेच दिवस," सुमन म्हणाली.

गोधडीत शरदचंद्रांनी फिल्म चाचपली. ती कुठेही अडकली नव्हती. ताणून बसली होती, कारण संपली होती. वितीने मोजली तर जेमतेम चार वीत भरली. शंभर फुटांतली बाकीची सगळी केळी टांगण्यात गेली होती. डायरीत प्रत्येक टेपने पेललेलं वजन होतं, हवामान होतं, तारीख होती. किती फिल्म उरली, हे मात्र एकाही पानावर नव्हतं.

"मी आता हे उतरवते बाई," बाहेर जयवंतीबाईंनी पाटल्यांना हात घातला. सुमनने कमरेचा फोन काढला.

"आई, एक मिनिट, इकडे."

फोटो सुरेख आला. सुमनने तो मोठा करून, चौकट करून घेतला. खिळा शरदचंद्रांनी ठोकला. नऊवारी आहे, दागिने आहेत, नजर करारी आहे आणि खुर्चीशेजारी ठिगळाठिगळाच्या गोधडीचा एक ढीग आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर बोट ठेवतो.

"आणि हे काय?"

"आमचे जावई," जयवंतीबाई सांगतात. "माझा फोटो काढतायत."