बापू खाली बसत नाहीत

सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं तरी बापू चौगुले खाली बसत नाहीत. उभ्यानेच तीर्थ घेतात, उभ्यानेच शिरा खातात. पंगत असली तर भिंतीला टेकून ताट हातात धरतात. अगदीच कुणी दंडाला धरून बसवलं तर पाटावर टेकल्यासारखं करतात आणि आठ मोजायच्या आत उठतात. एकदा आमच्या घरी भटजींनी वैतागून विचारलं, यांना काही मूळव्याध वगैरे आहे का? माझं औषधांचं दुकान, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मात्र बापूंनी दिलं.

"बॉक्सर हाय मी. बॉक्सर खाली गेला की पंच आकडं मोजाय लागतोय. दहा झालं की खेळ संपला. माझं आजवर कुणी आठाच्या वर मोजलेलं न्हाय."

बापू पलटणीत असताना बॉक्सिंग करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी राजारामपुरीत माझ्या दुकानाशेजारी मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचं दुकान टाकलं, त्याला आता वीस वर्षं झाली. मशीनवर बसतात ते स्टुलावर. स्टूल चालतं, जमीन चालत नाही.

कोल्हापुरात बॉक्सर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथे पोरगं चालायला लागलं की आजोबा आधी त्याच्या मांड्या चाचपून बघतात. असल्या गावात हा माणूस ठोशाची बाजू घेऊन एकटा उभा होता. समोरच्या चहाच्या गाड्यावर तालमीतले हिंदूराव वस्ताद रोज यायचे आणि रोज एकच प्रश्न टाकायचे: "बापू, आणि पट काढला तर?" म्हणजे समोरच्याने खाली घुसून तुझे दोन्ही पाय ओढले, तर ते ठोसे काय चाटायचेत? बापूंचं उत्तरही ठरलेलं. "काढू दे की. वाकताना थोबाड कुठं ठेवणार हाय?"

मला वाटायचं, दोन रिकामटेकड्या म्हाताऱ्यांची करमणूक आहे. शीतलनं त्या करमणुकीचं गांभीर्य वाढवलं.

शीतल ही बापूंची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, तेव्हा बापूंनी पोरीला दुकानातच वाढवलं. सीटचा स्पंज भिंतीला ठोकून त्यावर तिला ठोसे शिकवले. पोरगी चांगली खेळली. पुढे नोकरीला पुण्यात गेली आणि तिथं तिने बॉक्सिंग सोडून एमएमए धरलं. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र, तेही जाळीच्या पिंजऱ्यात. बॉक्सरचा तिथं निभाव लागतो का, यावर आमच्या गल्लीत दोन तट पडले. एका तटात सगळी गल्ली आणि दुसऱ्यात बापू. "बॉक्सर कुठंबी जितंल," हे ते गिऱ्हाइकाला रेक्झिनचा रंग विचारायच्या आधी ऐकवायचे.

पहिली लढत शीतल हरली. बापूंच्या दुकानात मोबाईलवर आम्ही सगळ्यांनीच पाहिली. समोरच्या पोरीने पट काढला, शीतल पाठीवर पडली. पडल्या पडल्या घाईने वळून उठायला गेली, तशी दुसरीने मागून गळ्याला विळखा घातला. झालं. वस्ताद त्या दिवशी चहा अर्धाच ठेवून गेले.

चार दिवसांनी बापू माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

"पोरीचं काय चुकलं, कळलं का तुला? ती आठाच्या आत उठाय गेली. पिंजऱ्यात कोण मोजत न्हाय लेका. तिथं पडल्यावर पडून ऱ्हायचं असतंय, दम खायाचा, मग उठायचं. तिला घाई कुणी शिकवली? मीच की. माझ्याच शिकवणीनं पोरीचा गळा धरला."

मी त्यांना पाणी दिलं. तेही त्यांनी उभ्यानेच प्यायलं.

त्यानंतर बापू दर आठवड्याला माझ्याकडून पाठदुखीच्या तेलाची बाटली न्यायला लागले. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मशीनला." वीस वर्षं औषधं विकतोय, पण शिलाई मशीनची पाठ दुखते हे मला तेव्हाच समजलं. त्यांच्या मानेवर, कॉलरच्या आत, तांबडी माती दिसायची. त्यावर म्हणाले, बाग करतोय. या माणसाच्या घरी साधी तुळस नाही. मला जरा रागच आला. शेजाऱ्याशी खोटं बोलायचं तर निदान मेहनत घेऊन बोलावं.

दुसरी लढत रविवारी संध्याकाळी होती. दुकान गच्च भरलं. बापू स्टुलावर, वस्ताद रचून ठेवलेल्या सीटांवर. पहिली फेरी शीतलनं ठोशांवर काढली आणि बापूंनी वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. दुसऱ्या फेरीत पट निघाला. शीतल पाठीवर.

अख्खं दुकान उठून उभं राहिलं. आमच्या गावाची ही खोडच आहे. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, माणूस चपला शोधायला लागतो. मीही उठलो होतो, खोटं कशाला सांगू? बसून राहिले दोघंच. बापू आणि, नवल म्हणजे, हिंदूराव वस्ताद.

बापू मोजत होते. सहा, सात, आठ. आठावर आवाज जरासा अडला. मग नऊ. दहा. अकरा.

एका पायात चप्पल घातलेली माणसं तशीच थांबली. वरची पोरगी मारत होती. शीतल कोपरं मिटून पडली होती आणि श्वास घेत होती. "डोळं उघडं हायती तिचं," वस्ताद पुटपुटले. बापू एकतीसपर्यंत आले तेव्हा शीतलनं वरच्या पोरीच्या कमरेला पाय लावला, रेटलं आणि तोंड समोर ठेवून उभी राहिली. दुकानात जो गलका झाला, त्याने समोरची रिक्षा थांबली.

शेवटची फेरी तिने मारून काढली. तरी गुणांवर निकाल समोरच्या पोरीकडे गेला.

"हरली की," कुणीतरी म्हणालं.

"तसं पंच म्हणत्यात," बापू म्हणाले. "मी कुठं म्हणलोय?"

माणसं पांगली. वस्तादांनी मला गाड्याच्या आडोशाला नेलं.

"चार महिनं झालं, रोज पहाटं तालमीत येतोय ह्यो. लंगोट लावून मातीत उताणा पडतोय आणि माझा ऐंशी किलोचा पैलवान छाताडावर बसवून घेतोय. मोबाईल भिंतीला लावून तिकडं पोरीला दावतोय. म्हणतोय, शीतल, वीस झालं बघ, मी मेलो काय? पडून ऱ्हा, घाई करू नगंस. मला म्हणाला, गाड्यावर मातूर पट काढला तर म्हणून इचारत जा, न्हायतर लोकास्नी संशय येतोय."

मी परत दुकानात शिरलो. बापू जमिनीवर बसले होते. रेक्झिनच्या कातरणांत, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, मांडीवर मोबाईल. वीस वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला आपली थट्टाच सुचली.

"बापू, आठ कवाच होऊन गेलं."

"होऊ देत की," ते मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. "पोरीचा फोन आल्याबिगर मी उठत न्हाय."