शीतयंत्रास वस्त्रे दिली त्याची हकीकत

श्री वायुदेव समर्थ. ज्याचे कृपेने श्वास आत येतो आणि बाहेर जातो, त्यास आधी नमन करून मग हे लिहिणे केले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध सप्तमी, ते दिवशी सूर्य डोईवर आला आणि एका राज्याच्या तोंडचे पाणी पळाले, त्याची हकीकत ऐसी जे.

त्या राजवाड्यात एक शीतयंत्र होते, ज्यास फिरंगी एसी म्हणत. त्याचा एक भाग महालाचे छतात आणि दुसरा वर गच्चीवर. छतातला भाग झरोक्याझरोक्यांतून गार वारा सोडी आणि गच्चीवरला भाग महालातील उष्मा बाहेर टाकी. या यंत्राचे दारोगे विसाजी कोन्हेर म्हणोन होते, वीस वर्षांचे इमानी चाकर, परंतु स्वभावे बहुत भित्रे. महाराजांस शिंक आली तरी आपलेच काही चुकले ऐसे त्यांस वाटावे.

सप्तमीस दोन प्रहरी झरोक्यांतून वारा येई तो उष्ण येऊ लागला. दालनात थोरल्या आऊसाहेब, महाराजांच्या मातोश्री, निजून होत्या. त्यांचे हृदयावर शस्त्रक्रिया होऊन पंधरा दिवस जाहले होते आणि वैद्यांनी बजाविले होते की यांस उष्मा सोसणार नाही, दालन तापले तर आमचा इलाज चालणार नाही. महाराज स्वतः आले आणि म्हणाले, "विसाजीपंत, आऊसाहेबांस काही जाहले तर आम्हांस तोंड दाखवू नका." इतकेच बोलून स्वारी गेली. महाल तापला होता, परंतु विसाजीपंतांचे हातपाय गार पडले.

मग त्यांनी भिंतीवरील आकड्यांची डबी पाहिली, तो हुकूम चोविसाचा आणि दालन तेहतिसावर. मग छतातली जाळी काढिली, तीवर धुळीची गोधडीच जमली होती, ती धुऊन, पुसून परत बसविली आणि वारा जोराने येऊ लागला, परंतु उष्णच. मग दालनांची कवाडे लाविली, झरोके उघडिले, विजेचे खटके पाडून पुन्हा चढविले आणि वारा उष्णच. मग धापा टाकीत गच्चीवर गेले. तेथे यंत्र अंगावर किनखापी झूल घेऊन उभे होते. कारण त्या राज्याची चाल ऐसी की ज्याने उत्तम चाकरी केली त्यास अक्षय्यतृतीयेस वस्त्रे द्यावी आणि ती नऊ दिवस अंगावरून उतरवू नयेत, उतरवील तो राज्याचा गुन्हेगार. यंदा यंत्रासही मान मिळावा ऐसा अर्ज विसाजीपंतांनीच केला होता. झूल जागचे जागी पाहून त्यांनी मुजरा केला आणि खाली उतरले.

दालनात आले तो आऊसाहेबांचा चेहरा लाल, ओठ सुकलेले, श्वास आखूड. त्यांसही तृतीयेस जरीची शाल मिळाली होती, ती छातीवर गच्च लपेटलेली, आणि काढण्याची छाती एकाही दासीची होईना. आऊसाहेब डोळे न उघडता पुटपुटल्या, "विसाजी, ही शाल काढा रे कोणी. आतला उकाडा आतच कोंडतोय."

हे ऐकिले आणि विसाजीपंतांचे काळजात चर्र जाहले. शाल त्यांनी आपले हाताने बाजूस केली, आणि जिना चढू लागले. वाटेत दिवाण अंताजी शिवदेव आडवे आले, म्हणाले, "कोठे निघालात? वस्त्रांस हात लावाल तर हात राहणार नाहीत!" विसाजीपंतांनी त्यांस बाजूस सारिले. तैसेच वर गेले, झुलीच्या गाठी सोडिल्या आणि झूल ओढून काढिली, तो आतून तव्यासारखी धग तोंडावर आली. बिचारे यंत्र पाच दिवस उष्मा बाहेर टाकू पाहात होते आणि झूल तो टाकू देत नव्हती. मग खटका पाडून, यंत्र निवावे म्हणोन एक घटका थांबणे आले. ती घटका सरता सरेना. खाली आऊसाहेबांचे काय, आणि यंत्र कायमचेच गेले असेल तर काय, या दोन भयांत बसून राहिले.

दिवाणांची चुगली पोहोचून महाराज गच्चीवर आले. "वस्त्रे कोणी उतरविली?"

"सेवकाने, महाराज," विसाजीपंत हात जोडून म्हणाले. "आणि द्यावी म्हणोन अर्ज केला, तोही सेवकानेच. माझेच हाताने आऊसाहेबांचा घात होत होता. आधी खटका चढवू द्या, मग काय ती शिक्षा करा."

महाराज वाटेतून बाजूस सरले. खटका चढला, यंत्र घुरघुरले आणि चालू जाहले. सर्व खाली येऊन झरोक्यापुढे उभे राहिले. प्रथम उष्ण आला, मग कोमट, आणि मग गार. काही वेळाने आऊसाहेबांनी डोळे उघडिले, पाणी मागितले, आणि महाराजांस म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पांघरविले. उतरविले ते एकट्या ह्याने. ह्याला काय द्यायचे ते द्या, फक्त वस्त्र देऊ नका."

येणेप्रमाणे राज्यावरील अरिष्ट टळले आणि नऊ दिवसांची चाल ते दिवसापासून मोडली. विसाजीपंतांस शिक्षा जाहली नाही, परंतु भय गेले नाही. पुढे जन्मभर, ज्यास कोणी मान दिला त्याचे नाकापुढे ते हळूच तळहात धरून श्वास चालतो ना, हे पाहात. इति हकीकत संपूर्ण.