सरकी, पातोडी आणि बंडी चाळीस

"ज्यांच्या नुसत्या नावाने वऱ्हाडातल्या गुन्हेगारांना दरदरून घाम फुटतो, असे देवमनराव तायडे!" हे वाक्य देवमनरावांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं होतं आणि ते लिहिलंही देवमनरावांनीच होतं. घाम फुटतो, हे त्यांची बायको माया नाकारत नसे. अमरावतीत मे महिन्यात तो सगळ्यांनाच फुटतो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

देवमनरावांनी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत बत्तीस वर्षं काढली होती. हरवलेलं पत्र शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यातली बहुतेक पत्रं त्यांच्याच टेबलाच्या खणात सापडत, ही बाब ते तपासाच्या दृष्टीने गुप्त ठेवत. निवृत्तीनंतर राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली त्यांनी 'तायडे गुप्त तपास केंद्र' काढलं. दोन वर्षांत तीन प्रकरणं आली: एक हेल्मेट, एक चप्पल आणि एक पोपट. पोपट अद्याप तपासाधीन आहे.

माया झेडपीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ती या केंद्राची सहायक, खजिनदार आणि चालक होती. स्कूटी तीच चालवायची, कारण देवमनरावांना मागे बसून विचार करायचा असे.

गुरुवारी सकाळी अकराला तिवशाहून फोन आला. बोलणारी रागिणी होती, बचत गटाची नवी सचिव आणि गटाच्या अध्यक्षा पार्वताबाई यांची नवी सून.

"साहेब, तुमी आमच्या गटात पासवर्डावर भाषण देल्लं होतं पाहा, दिवाळीच्या टायमाले. त्या कागदावर तुमचा नंबर सापडला. लय घोळ झाला जी."

घोळ असा. अकोल्याच्या प्रदर्शनात गटाला स्टॉल मिळाला होता. संध्याकाळी पाचच्या आत गटाच्या ईमेलवरून होकार पाठवायचा, नाही तर स्टॉल यादीतल्या पुढच्या गटाला जाणार. दहा बायकांनी चाळीस किलो मुगाच्या वड्या घालून ठेवल्या होत्या. ज्या फोनमध्ये ईमेल कायम उघडं असायचं, तो फोन काल रागिणीच्याच हातून भिजवलेल्या डाळीच्या घमेल्यात पडला. नव्या फोनवर पासवर्ड मागत होता. सासूबाईंना विचारलं, त्यांनी सांगितला, आणि तो चुकीचा निघाला.

"मंग त्याइले सांग ना, का चुकला म्हणून," स्पीकरवर ऐकणारी माया म्हणाली.

"मॅडम, तीन महिने झाले मले या घरात येऊन," रागिणी म्हणाली. "सासूले कसं म्हणू, का तुमचं चुकलं?"

हे कारण मायाला पटलं. तिने स्कूटीची किल्ली घेतली.

दोन वाजता ते तिवशाला गटाच्या खोलीत पोचले. देवमनरावांनी भिंग काढलं, जे एरवी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला वापरलं जाई. त्यांनी फोनचं निरीक्षण केलं, डाळीच्या घमेल्याचंही केलं, आणि वहीत लिहिलं: 'जावक क्रमांक एक. घमेलं संशयास्पद.'

"पाचच वेळा टाकता येते," रागिणी म्हणाली. "मंग चोवीस तास बंद. म्या एकदा टाकला."

"तपासात कशावरही विसंबायचं नसतं," म्हणून देवमनरावांनी तोच पासवर्ड पुन्हा टाकला. तो पुन्हा चुकला. आता तीनच संधी उरल्या, पण खातरजमा झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

पासवर्ड ठेवला तेव्हा हजर असलेल्या बाया तीन: पार्वताबाई, खजिनदार सुंदराबाई आणि जुनी सचिव ज्योत्स्ना. देवमनरावांनी हळदीच्या पोत्यांच्या खोलीत खुर्ची टाकली आणि एकेकीला वेगवेगळं बोलावलं.

"विचारीन तेवढंच सांगायचं. तुमचा पासवर्ड काय?"

"बंडी चाळीस," पार्वताबाई म्हणाल्या. "पण साहेब, हे तं—"

"पण नाही! 'पण' हा शब्द आरोपी वापरतात. पुढच्या बाईंना पाठवा."

सुंदराबाई आल्या. "पातोडी. आन् त्याले चिकटून ते गोल गोल ॲट द रेट. मंग पुढचं—"

"पुढचं तपास अधिकारी ठरवतील."

ज्योत्स्ना आली. "सरकी नऊ. त्या दोघीचं झालं काय जी?"

"दुसऱ्यांच्या जबान्या गुप्त असतात!"

सुंदराबाईंचा पासवर्ड टाकला, चुकला. ज्योत्स्नाचा टाकला, चुकला. आता एकच संधी राहिली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

देवमनराव मायाला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. हळदीने त्यांच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. "तिन्ही जबान्या मी जोडून पाहिल्या, माया. प्रकरण वड्यांचं नाही. चाळीस बंड्या, म्हणजे चाळीस बैलगाड्या भरून सरकी धामणगाव रेल्वे गावाहून गुपचूप निघालेली आहे."

"आन् बेसनाची पातोडी त्यात कुठं आली?"

"पातोडी हा सौद्याचा सांकेतिक भाव. म्हणून तर ॲट द रेट!"

"तुमाले भूक लागली हाये," माया म्हणाली.

तिने पिशवीतून पोळीची गुंडाळी काढून दिली. ती खाल्ल्यावर सरकीचा सिद्धांत मावळला आणि दुसरा उगवला: तिघी खोटं बोलताहेत, विरोधी गटाने त्यांना फितवलं आहे. शेवटचा घास गिळताना तिसरा आला आणि देवमनराव स्वतःच चकित झाले. ज्या भाषणाने या बाया इतक्या भारावल्या, त्या भाषणकर्त्याचं नाव त्या विसरतील कशा? पासवर्ड होता देवमन! कार्डावरचं तेज त्यांच्या डोळ्यांत उतरलं आणि ते फोनकडे निघाले.

रागिणीने फोन छातीशी धरला होता. तिचे डोळे भरून आले होते. "साहेब, हे शेवटचं हाये जी. माह्याच हातानं फोन पडला. आता स्टॉलबी गेला तं कोनी मले काई म्हननार नाई. तेच लय लागते मनाले."

देवमनरावांचा पुढे केलेला हात तिथेच थांबला. सिद्धांत पक्का होता, पण पोरीच्या डोळ्यांपुढे तो एकाएकी फार हलका वाटायला लागला. पोपटाच्या वेळीही सिद्धांत पक्काच होता.

माया ओसरीवर आली. तिघी बाया सतरंजीवर ओळीने बसून वड्या पुड्यांत भरत होत्या. माया वर्गात विचारावं तसं विचारती झाली, "बायाहो, तुमचा पासवर्ड काय हाये?"

"बंडी चाळीस," पार्वताबाई म्हणाल्या.

"पातोडी ॲट द रेट," शेजारून सुंदराबाई म्हणाल्या.

"सरकी नऊ," टोकावरून ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिघीही पुड्या भरायला लागल्या.

रागिणी फोन घेऊन दारात आली, तिच्यामागे देवमनराव.

"म्हंजे तो एकच पासवर्ड हाये?" रागिणी म्हणाली. "तिघीचा मिळून?"

"मंग काय तं!" पार्वताबाई म्हणाल्या. "गटाच्या पेटीले कुलपं तीन, चाब्या तिघीपाशी. एकीच्या हाती अख्खी पेटी कोनी देते काय? तसाच पासवर्ड केला. मले वाटलं तू साऱ्याइले विचारून राहिली, व माय!"

"पण मला सांगितलं का नाही?" देवमनराव म्हणाले, आणि आपण आरोपींचा शब्द वापरला हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुमी बोलू देल्लं काय?" सुंदराबाईंनी विचारलं.

याची नोंद वहीत झाली नाही.

मग पासवर्ड टाकायचा विधी झाला. पार्वताबाईंनी फोन हातात घेतला, तशा बाकीच्या दोघींनी तोंडं भिंतीकडे फिरवली. एकेक अक्षर शोधत त्यांनी आपला तुकडा टाकला. मग सुंदराबाईंच्या वेळी त्या दोघींनी, मग ज्योत्स्नाच्या वेळी या दोघींनी. सगळ्या गावाने ऐकलेला पासवर्ड त्या एकमेकींपासून लपवत होत्या. रागिणीने श्वास रोखून बटण दाबलं. ईमेल उघडलं.

पाचला वीस मिनिटं कमी असताना होकार अकोल्याला गेला. रागिणी खाली बसली ती रडायलाच लागली. पार्वताबाईंनी पुडी बाजूला ठेवून तिला जवळ ओढलं. "अवं, फोन डाळीत पडला, तू तं नाई ना पडली? अकोल्याले स्टॉलवर तूच बसजो."

देवमनरावांनी घसा साफ केला. कुणीतरी समारोप करायलाच हवा होता. "अशा रीतीने तायडे गुप्त तपास केंद्राने—"

"साहेब," पार्वताबाई मध्येच म्हणाल्या, "भाषणात तुमीच सांगतलं होतं ना, का अख्खा पासवर्ड एका मानसाले मालूम झाला तं तो लगोलग बदलाचा?"

"अलबत! पहिला नियम आहे तो."

"तुमाले तं आता तिन्ही तुकडे मालूम हायेत."

देवमनरावांनी मायाकडे पाहिलं. "मॅडमलेबी हायेत," सुंदराबाई म्हणाल्या, "पण मॅडम काई भाषण देत नाई." माया बिनदिक्कत सतरंजीवर बसली आणि वड्यांच्या पुड्या बांधायला लागली.

पाच मिनिटांनी ज्यांच्या नावाने गुन्हेगारांना घाम फुटतो ते देवमनराव तायडे बाहेर पायरीवर उन्हात बसले होते. त्यांच्यामागे दार लावलेलं होतं. आत नवा पासवर्ड ठरत होता. बाया खुदखुदत होत्या, त्यात मायाचंही हसू होतं. आपलं भाषण कुणीतरी इतकं मनावर घेतलं, याचा त्यांना आतून आनंद झाला होता आणि अपमानही तेवढाच झाला होता. त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही कानांत बोटं घातली. आयुष्यात प्रथमच ते एखादी गोष्ट मुद्दाम न शोधण्याचा प्रयत्न करत होते, आणि नेमकी तीच त्यांना सापडली. 'पिवळ्या मिशा' एवढं तर स्पष्टच ऐकू आलं.