गजभियेचे तीन टेप

गजभियेच्या खिशात कायम तीन टेप असतात. एक शिंप्याचा कापडी, एक सुताराचा पोलादी आणि तिसरा स्कूटरच्या चावीला लटकवलेला चिमुकला. कोणतीही वस्तू तो तिन्हींनी मोजतो. तिन्ही जुळले तरी त्याचं समाधान होत नाही, मग हाताची वीत लावतो. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये यावर सगळे हसतात, मीही हसतो. पण ते टेप त्याच्या खिशात माझ्यामुळे आले, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि गजभियेला तर नाहीच.

कसे आले ते सांगणार आहे. पण आधी माणूस पाहून घ्या. नाहीतर तुम्हाला माझीच दया यायची.

उंची पाच फूट तीन इंच. "तीन अन् एक सूत," तो दुरुस्त करतो. इंचाचा आठवा भागही तो सोडत नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. तो तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला, मी अजून आहे. लोक भेटल्यावर काय चाललंय विचारतात, गजभिये जयभीम घालून झाला की विचारतो, "आंग काय म्हणून राहिलं?" आणि उत्तराची वाट पाहतो. बरं आहे म्हटलं तर चालत नाही. "बरं म्हंजे? मान बरी का कंबर बरी?"

कोणाच्याही घरी गेला की बसण्याआधी खुर्चीची उंची घेतो. समोरच्या काकूंनी हौसेनं नवा सोफा आणला. गजभियेनं तिन्ही टेप लावले आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "सोफा चांगला आहे, काकू. फक्त बसाचं नाही त्याच्यावर. गुडघे छातीले लागते." काकू दोन महिने त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण त्यांनी सोफ्याखाली चार विटा लावल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्याच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तर कमाल झाली. पोहे आले, चहा आला, गजभिये गायब. तो आत जाऊन स्वयंपाकघराचा ओटा मोजत होता. बाहेर येऊन त्यानं मुलीलाच विचारलं, "बाई, तुही उंची किती?" बैठक गार पडली. मग तो आपल्या भावाकडे वळला. "आपल्या घरचा ओटा तीन इंच जास्त आहे. लग्नाच्या आंधी फोडा लागन, नाही तं पोरीचे खांदे जातीन." मुलगी खुदकन हसली आणि लग्न जमलं. ओटा खरंच फोडला. स्वतः उभं राहून फोडून घेतला.

असा हा माणूस. त्यानं मागच्या हिवाळ्यात जुनी मोटारसायकल घेतली. साधी नाही. लांबच्या प्रवासाची, उंच, फुगीर टाकीची, समोर काच असलेली. एका सहा फुटी इंजिनिअरची होती. गजभिये तिच्यावर बसला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीला लागत होते, तेही बूट घातल्यामुळे.

"घोडा आणला," त्याची बायको विमलवैनी म्हणाली, "आता शिडी बी आणा."

पहिल्याच आठवड्यात तो तीनदा पडला. चालत्या गाडीवरून नव्हे, उभ्या गाडीवरून. मानेवाडा चौकात सिग्नलला गाडी थांबली, पाय जमीन शोधत राहिला आणि तोवर गाडी आडवी. मी मागच्या स्कूटरवर होतो. ट्रॅफिकचा शिपाई धावत आला. "काका, छोटी गाडी घ्या ना!" गाडीखालून गजभियेचा शांत आवाज आला, "गाडी बरोबर आहे बे. माप बाकी आहे."

"विकून टाक," मी त्याला उचलताना म्हटलं.

"काहून?"

"तुझ्या अंगाची नाही ती."

"मंग आंगाची करतो. बदलन तं लोखंड बदलन. मी काहून बदलू?"

आणि त्यानं लोखंडाला बदलायला लावलं. आधी सीट. कुशनवाल्याकडे बसून फोम तासून घेतला. पहिल्यांदा इतका तासला, की गजभिये थेट खालच्या पत्र्यावर बसला. पुन्हा फोम चिकटवला, पुन्हा तासला. मग हँडल. ते इतकं पुढे होतं, की धरायला गेलं की पोट टाकीवर यायचं. त्यानं ओळखीच्या लेथवर ठोकळे कातून हँडल दीड इंच वर आणि मागे आणलं. हँडल मागे आलं, पण वायरी होत्या तेवढ्याच. पूर्ण डावीकडे वळवलं की ताण बसून हॉर्न आपोआप वाजायचा. चार दिवस गजभिये डाव्या गल्लीत शिरला की सगळ्या लेआउटला कळत होतं. समोरची काच हेल्मेटच्या कपाळावर वारा फेकायची, ती दोन बोटं कापली. पाय ठेवायचे दांडे खाली आणले. ब्रेकचा पाय त्या हिशेबानं पुन्हा वाकवला.

प्रत्येक बदलानंतर परीक्षा. गाडी पोर्चमध्ये मोठ्या स्टँडवर उभी करायची, हेल्मेट घालून वर बसायचं आणि दोन तास पेपर वाचायचा. वैनी दारातून ओरडायची, "जेवाले येता का ताट तिकडंच आणू?"

"तिकडंच आण. पाऊण तास झाला, डावा कुल्हा अजून काही बोलला नाही. आता उठलो तं पुन्हा झिरोपासून."

एका रविवारी मला हाक आली. गेलो तर सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि तीत दोन किलो मळलेली कणीक. तिच्यावर बसून उठलं, की अंगाचा भार नेमका कुठे पडतो ते उमटतं, असा त्याचा शोध. पुढच्या सीटवर त्याचा ठसा घेऊन झाला होता.

"आता तू मांगच्या सीटवर बस."

"मी कशाला? मागे तर वैनी बसणार ना?"

"विमलचं आंग तिच्यापाशी. ते ती कणकेवर देत नाही. बस ना बे!"

"भाऊ, बसून टाका," वैनी आतून म्हणाली. "कणीक तं गेलीच आहे."

मी बसलो. ठसा उमटला. मग तिन्ही टेप निघाले. माझी मांडी, नडगी, बसलेल्या स्थितीत कंबर ते मान. एकदा, दोनदा, तीनदा, वर वीत. माझ्या मणक्यातली एक चकती सरकलेली आहे. वीस मिनिटांवर बसलं की डाव्या पायात कळ जाते. म्हणून मी लग्नाला गेलो तरी उभा असतो आणि गावाला जातच नाही. ती जागा त्यानं बोटानं दाबून शोधली आणि डायरीत फुली मारली.

"भाऊ, ह्यायले सांगा ना," वैनी मला म्हणाली, "एकदाच मोजत जा म्हणा. आंधी एकदाच मोजत होते हे."

कापडी टेप माझ्या पाठीवर होता. मला हसू आलं नाही.

खरंच, आधी तो एकदाच मोजायचा. कारखान्यात गजभिये इन्स्पेक्टर होता. लेथवरून निघालेल्या पिना मायक्रोमीटरनं मोजायच्या आणि पास म्हणून सही करायची, हे त्याचं काम. एकदा मोजली की ती पिन पुन्हा कोणी मोजत नसे. तेव्हा त्याच्याकडे एकही टेप नव्हता. मी त्याच खात्यात, त्याच्या आधीच्या शिफ्टला.

मायक्रोमीटर नाजूक. जबडे मिटले की रेघ बरोबर शून्यावर यायला हवी. तो हातून पडला, तर त्याला लाल चिकटपट्टी लावून तपासायला पाठवायचा, हा नियम. एका दुपारी शिफ्ट सुटताना तो माझ्या हातून फरशीवर पडला. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. मी तो बाहीला पुसला आणि डबीत ठेवला. दारात गजभिये भेटला. त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "झिरो पाह्यला का गा?"

"पाहिला," मी म्हणालो आणि बसमागे धावलो.

दुसऱ्या दिवशी मी डबी उघडली. शून्य दोन रेघा सरकलेला होता. तोवर गजभियेनं पास केलेला माल टेम्पोतून गेला होता. मी छोट्या चावीनं शून्य पुन्हा जुळवला आणि गप्प बसलो. वाटलं, चालून जाईल. आठवड्यानं सगळा लॉट परत आला. चौकशीत मायक्रोमीटर तपासला, तो निर्दोष निघाला. निघणारच, मी निर्दोष करून ठेवला होता. मग दोषी एकच उरला.

साहेबांपुढे गजभिये एवढंच म्हणाला, "माप मी घेतलं. सही माही आहे." माझं नाव त्यानं काढलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू झिरो पाह्यला होता. मंग माह्याच डोळ्यात खोट असन." त्यानं माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतला. तीन डॉक्टरांकडे जाऊन डोळे तपासून घेतले. तिघांनी डोळे उत्तम सांगितले. त्याला ते पटलं नाही. मग पहिला टेप आला, दुसरा आला, तिसरा आला.

त्याला इन्स्पेक्शनमधून काढून स्टोअरमध्ये टाकलं. रिटायर होईस्तोवर तो नटबोल्ट देत बसला. आणि त्याच्या खुर्चीत मला बसवलं. मी आजही तिथेच बसतो, दर वीस मिनिटांनी उठून.

फेब्रुवारीत गाडी तयार झाली. "रामटेकले जाऊ," तो म्हणाला. "मांगच्या सीटची परीक्षा आहे."

"देवदर्शनाला?"

"देव तू पाह्य. मले रस्ता पाहाचा आहे."

सकाळी निघालो. कामठीपर्यंत मी मनात मिनिटं मोजत होतो. वीस झाली, कळ आली नाही. कन्हानचा पूल गेला. मनसर आलं. माझ्या कमरेमागे एक छोटी उशी बरोबर त्या फुलीच्या जागी टेकलेली होती. सिग्नलला, वळणावर, गजभियेचे दोन्ही तळवे सपाट जमिनीला लागत होते. मागून तो मला पहिल्यांदाच उंच वाटला.

गडाखाली चहाच्या टपरीपाशी थांबलो. मी कशालाही न धरता उतरलो. दीड तास होऊन गेला होता.

"आंग काय म्हणून राहिलं?"

"काहीच म्हणत नाही," मी म्हणालो. "वैनी खूश होतील आता."

"विमल? ती कायची येते! गाडी आणली त्याच दिवशी तिनं सांगतलं, मी आपली बसनं जाईन म्हणून."

"मग मागची सीट?"

त्यानं डायरी काढून पुढे केली. पानावर वर लिहिलं होतं, 'सोनटक्के, मागे'. खाली माझ्या अंगाचा प्रत्येक आकडा तीन-तीनदा. पहिली तारीख गाडी घेण्याच्याही आधीची होती. ज्या दिवशी माझ्याकडे येऊन तो आमच्या खुर्च्या मोजतोय असं मला वाटलं होतं, तो दिवस. तो खुर्चीत बसलेल्या मला मोजत होता.

"तुले बसता येत नाही म्हणून तू कोठीच जात नाही," तो काचेवरची धूळ पुसत म्हणाला. "अन् मी तरी कोणासंगं जाऊ? लॉट वापस आला तवा कँटीनमधी माह्या टेबलावर कोणी डबा उघडत नव्हतं. तू उघडला. रोज. ते मी इसरलो नाही."

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. लाल चिकटपट्टी, बाही, छोटी चावी, आणि त्या टेबलावर मी का बसत होतो तेही. गजभिये वाकून मागच्या सीटला पोलादी टेप लावत होता. "अर्धं सूत दबली," तो म्हणाला. मग त्यानं कापडी काढला.

"चहा सांगू का?" मी विचारलं.

"सांग. कमी साखरेचा."

तेव्हापासून आम्ही चार वेळा बाहेर जाऊन आलो. पुढच्या महिन्यात पचमढी ठरली आहे. माझी बायको म्हणते, तुमची कंबर या गजभियेनंच सरळ केली. मी हो म्हणतो आणि ताटाकडे पाहतो.

हे मी लिहिलं, कारण लिहून बाहेर गेलेला शब्द छोट्या चावीनं मागे घेता येत नाही. पण त्यानं हे कागदावर वाचावं, हे बरोबर नाही. म्हणून हे छापायला पाठवायचं पाकीट बंद करण्याआधी मी त्याच्याकडे जाणार आहे. तो पोर्चमध्ये गाडीवर बसलेला असेल. ऐकून तो मला मागच्या सीटवर पुन्हा बसू देईल की नाही, ते त्यानं ठरवायचं. त्यानं नाही म्हटलं, तर मी पुन्हा लग्नात उभा राहीन.

मी त्याचं एवढं देणं लागतो: गजभिये, तुझं माप चुकलं नव्हतं. मी झिरो पाहिला नव्हता.