हवेत आवळलेले बोल्ट

गाडीचे बुश आपणच बदलायचे, असं मी चहा पिता पिता ठरवलं. चहा संपेपर्यंत थांबलो असतो, तर कदाचित विचार बदललाही असता.

गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोनच सीटांची आणि आधीच्या मालकांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेली. पाणीपुरवठा खात्यातल्या कारकुनाला ती शोभत नाही, हे मला मान्य आहे (बायकोने ते मला बऱ्याचदा मान्य करायला लावलं आहे). हल्ली ती वळणावर ऐकेनाशी झाली होती. स्टिअरिंग फिरवलं की आधी थोडा विचार करायची आणि मग वळायची. आमच्या खात्यात हे चालून जातं, रस्त्यावर जात नाही.

शेवटी बायकोने अट घातली. "रविवारी मला ताईकडे न्या. पोटातलं पाणी न हलता पोचले तर ठेवा गाडी. नाहीतर भाऊजी घ्यायला तयारच आहेत."

भाऊजी म्हणजे माझे साडू. गाडी घेतल्या दिवसापासून ते आले की तिच्या टायरला बुटाने टोकरून बघत असत.

गॅरेजवाल्याने खाली डोकावून सांगितलं, "बुश गेलेत. पुढच्या आठवड्यात आणा." चाक धरून ठेवणारे लोखंडी हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे रबराची जाड कडी असतात. तेच बुश. खड्ड्याचा धक्का त्यांनीच गिळायचा आणि चाकालाही त्यांनीच ताळ्यावर ठेवायचं. पण रविवार या आठवड्यात होता, म्हणून मी बाह्या सरसावल्या.

शनिवारी सकाळी गाडी स्टँडवर चढवली, चाकं काढली, जुने बुश ठोकून बाहेर काढले. नवे दाबून बसवायला साबणाचं पाणी लावलं (साबण बायकोचा होता, त्यावर वेगळी चर्चा झाली). मग एकेक बोल्ट असा आवळला की करकर आवाज झाला. तो बोल्टचा नव्हता, माझ्या खांद्याचा होता.

चाकं लावून गाडी खाली उतरवली. उतरली, पण पुरती नाही. पुढून मागून अशी काही उंच राहिली, की जमिनीवर झुरळ पाहिल्यासारखी चवड्यांवर उभी दिसत होती.

"अहो, ही वाढली का?" बायकोने विचारलं.

"नवीन रबर आहे. बसेल."

"कधी?"

"चालवल्यावर."

चालवायला घेतली. औषधांच्या दुकानापाशी वळण आहे. तिथे गाडी आधी वळलीच नाही, मग एकदम वळली आणि एका बारीकशा उंचवट्यावर अशी उडाली की माझं डोकं छताला लागलं. इंजिन दुकानाच्या पायरीशी बंद पडलं. दुकानदार बाहेर आला.

"काय देऊ?"

"काही नको. वळत होतो."

परतताना एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि वळून फार सहानुभूतीने पाहिलं.

घरी येऊन पुन्हा खाली शिरलो. टॉर्च मारला तर प्रत्येक बुशचं रबर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं दिसत होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. बोल्ट आवळला की रबर त्या जागी पकडलं जातं, आणि मी सगळे बोल्ट आवळले होते ते लोखंडी हात हवेत लोंबकळत असताना. आता गाडी टेकली होती आणि रबर तिला पुन्हा हवेत न्यायला बघत होतं. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर फाटलंच असतं.

मी हे बायकोला समजावून सांगितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "माणसाला खुंटीला टांगून त्याच्या पँटचं माप घेतलंत."

आता सगळे बोल्ट सैल करून, चाकांवर गाडीचं वजन असताना पुन्हा आवळायला हवे होते. चारही चाकांखाली जाड फळ्या सरकवल्या. चालवणाऱ्याच्या सीटवरही वजन हवं होतं.

"मग बसा ना."

"मी खाली असणार आहे."

बायको शाळेत शिकवते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती सीटवर बसली आणि मी खाली सरपटत गेलो.

"अहो, पेन पडलं."

"वाकू नकोस! वजन पुढे जातं."

"माझ्या वजनाबद्दल बोलायचं नाही."

"सगळ्यांच्याच वजनाबद्दल बोलतोय."

"सगळे कोण? गाडीत मी एकटीच आहे."

तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांना वर पेपर तपासणारी बायको दिसली आणि खाली माझे दोन पाय.

"अरे देवा! कोण सापडलं?"

"आमचे हेच," बायको पान उलटत म्हणाली. "दुरुस्ती चाललीय."

"बरं बरं. हलताहेत अजून."

रविवारी बाहेर आलो तर बायको आधीच चालवायच्या सीटवर.

"बोल्ट माझ्या वजनावर आवळलेत ना? मग चालवणार मी."

एका माणसाच्या वजनाने फारसा फरक पडत नाही, हे मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं, तर काल तिला एवढा वेळ का बसवून ठेवलं, तेही सांगावं लागलं असतं. मी निमूट पलीकडे बसलो.

आणि गाडी वळली! स्टिअरिंग फिरताच, न बिचकता, न उडता. पहिल्या वळणावर बायकोने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. दुसऱ्या वळणावर तिने भुवया उंचावल्या. तिसरं वळण आमच्या रस्त्यात नव्हतंच. ती मुद्दाम तिकडून गेली.

साडू दारातच उभे होते. "काय, किल्ली आणलीत?"

"दाखवायला आणलीय," बायको म्हणाली. "ही गाडी कुठे जात नाही, भाऊजी. ताई, चल, आमच्याकडे राहा दोन दिवस. वळणं दाखवते तुला."

ताई बसली. दोन सीटा भरल्या. लाल गाडी कोपऱ्यावरून झोकात वळून दिसेनाशी झाली आणि मी फाटकात उभा राहिलो.

साडूंनी मला त्यांच्या जुन्या गाडीतून घरी सोडलं. रस्ताभर एक धक्का बसला नाही, वळणावर गाडी तसूभर कलली नाही. माझ्यातला जाणकार गप्प बसेना. "बुश कोणाकडून बसवून घेतलेत?" मी विचारलं.

"बुश म्हणजे काय?" साडू म्हणाले.