प्रबंधाला हळद

बुधवारी दुपारी दोनला विद्यापीठाचं ऑफिस बंद, मग तेव्हाच्या अमिरातीतली गुरुवार-शुक्रवारची सुट्टी, आणि प्रबंध जमा करायची मुदत बुधवारचीच. म्हणून उर्मिलाने वडिलांना बजावलं होतं, "बाइंडरकडून प्रती घ्या आणि सरळ अल ऐनला या. मध्ये कुठे थांबू नका." वडील, वासुदेव, रास अल खैमाहून खरंच सरळ आले. फक्त निघण्याआधी, बाइंडरच्या टेबलावरच, त्यांनी एक छोटंसं शुभकार्य उरकून घेतलं होतं.

विद्यापीठाच्या काउंटरवर फ्रान्सिस होता. मूळचा वसईचा, मराठी ऐकली की खुलायचा, पण नियमांना पक्का. त्याने पहिली प्रत उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"उर्मिला, हे काय गं? पहिल्याच पानाचे चारी कोपरे पिवळे?"

उर्मिलाने वळून पाहिलं. बाबा भिंतीलगतच्या खुर्चीत बसून छताचं निरीक्षण करत होते.

"बाबा!"

"अगं, हळद आहे. लग्नाच्या पत्रिकेला लावतोच की आपण." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तू पत्रिका काही छापू दिल्या नाहीस. म्हटलं, आता हीच आपली पत्रिका. कुंकूही लावणार होतो, पण डबी घरी राहिली."

"तिन्ही प्रतींना लावलीत?"

"मग? एकीला लावायची आणि बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"अंकल, आमच्याकडेपण लग्नात हळद असते," फ्रान्सिस म्हणाला. "पण ती नवऱ्याला लावतात, थीसिसला नाय. रूल आहे, डाग चालत नाय. थांबा, पुसू या, खलास." आणि त्याने ओल्या टिश्यूवर हात धुवायचा साबण ओतला.

"साबण नको!" उर्मिला ओरडली. खजुराच्या बागांतली अल्कलीयुक्त माती तपासण्यात तिची कित्येक वर्षं गेली होती. हळदीला साबण लागला की काय होतं, हे तिला सांगायला नको होतं. पण तोवर फ्रान्सिसचा हात चारी कोपऱ्यांवरून फिरून आला होता. पिवळं होतं ते लालभडक झालं.

"जेजू!" फ्रान्सिस पुटपुटला.

बाबा मात्र खुर्चीतून उठलेच. "बघ! आपोआप कुंकूही लागलं!"

"लिंबू," उर्मिला दात आवळून म्हणाली. "आंबट लागलं तर परत पिवळं होईल."

फ्रान्सिस धावत जाऊन पँट्रीतून सुलेमानी चहासाठी कापलेलं लिंबू घेऊन आला. लाल परत पिवळं झालं, बरंचसं. पण कोपऱ्यात गुमान बसलेली हळद आता पान फुगवून ऐसपैस पसरली. नवं पान बसवायचं तर बाइंडर रास अल खैमाला. घड्याळ दोनकडे सरकत होतं.

"यल्ला, चल, दे इकडे," फ्रान्सिसने शिक्का उचलला. "कोणी विचारलं तर मी बघितलंच नाय."

बाहेर पार्किंगमध्ये बाबांनी गाडीचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. "चिडलीस?"

उर्मिलाने प्रतींची रिकामी पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

"पण छान दिसतंय ना?"

"निघा आता, बाबा. उजेडात घरी पोचा."

ते हसले. वळणावर नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि गेले. शनिवारी सकाळी, ते नोकरी करायचे त्या टाइल्सच्या कारखान्यात, टेबलावर चहा यायच्या आतच, त्यांचं हृदय थांबलं.

तोंडी परीक्षा पुढे ढकलू का, असं विद्यापीठाने विचारलं. उर्मिला नको म्हणाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांच्या वाट्याला नेमकी तीच प्रत आली होती. त्यांनी पहिलं पान उलटलंच नाही.

"हे पिवळं, कडेला लाल. बाकी सगळं नंतर, आधी हे समजावा."

उर्मिलाने हळद सांगितली, साबण सांगितला, लिंबू सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या.

"रसायन कळलं. पण हे लावलं कोणी?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. "माझ्या वडिलांनी. आमच्याकडे शुभकार्याच्या निमंत्रणाला लावतात."

बाईंनी मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आले आहेत ते?"

"नाही."

बाई पाणी प्यायल्या आणि मातीकडे वळल्या. उर्मिला पास झाली. समितीने सुधारणा एकच सांगितली: अंतिम प्रतींत पहिलं पान स्वच्छ असावं.

अंतिम प्रती तिने स्वतः आणल्या. फ्रान्सिसने वरची उघडली. नवं कोरं पान, आणि चारी कोपऱ्यांना हळद. सवयीने त्याचा हात साबणाच्या बाटलीकडे गेला, मग त्याने ती बाटली ड्रॉवरमध्ये सरकवली.

"रूलमध्ये बसत नाय, हां."

"माहितीय."

"आणि हे लाल? परत साबण?"

"कुंकू आहे. या वेळी डबी आणली होती."

फ्रान्सिसने नाक ओढलं आणि शिक्का जरा जोरातच मारला. उर्मिलाने प्रत क्षणभर मागून घेतली आणि भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवून उघडी धरली.

"छान दिसतंय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.